नवा चष्मा डोळ्यांना बसेपर्यंत

नवा चष्मा घातला, दोन पावलं टाकली आणि जमीन एका बाजूला कलल्यासारखी वाटली, असं झालं असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा हे आपोआप जातं. पण कधीकधी जात नाही, आणि तेव्हा तुम्ही कितीही सोसलं तरी उपयोग नसतो.

मला शाळेपासून मायनस नंबर आहे. पुढे सिलिंडर (एकाच दिशेने लागणारा जास्तीचा नंबर) आला आणि चाळिशी लागल्यावर प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या, घ्याव्या लागल्या. त्या पहिल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मी तीन आठवडे हनुवटी वर उचलून वाचत होते. "सवय होईल, थोडा वेळ द्या," असं दुकानात सांगितलं होतं, म्हणून वेळ देत राहिले. मान आखडली, संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं. शेवटी दुसरीकडे दाखवल्यावर कळलं की काचा माझ्या बाहुलीच्या मानाने चार मिलिमीटर खाली बसवल्या होत्या. मी तीन वर्षं वाट पाहिली असती तरी त्याची सवय झाली नसती.

म्हणून या सगळ्या लेखात एकच गोष्ट धरून ठेवा. रोज थोडा थोडा कमी होणारा त्रास सवयीचा असतो, त्याला वेळ द्यायचा. रोज तेवढाच राहणारा त्रास चुकीचा असतो, तो दुरुस्त करून घ्यायचा. हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे ते खाली क्रमाने सांगते.

१. चष्मा आणायला जाताना काय जवळ हवं

- आताच्या नंबराचा कागद, आणि सापडला तर मागचाही
- जुना चष्मा (तुटका, ओरखडलेला असला तरी)
- चष्म्याचं बिल आणि काचांसोबत मिळालेलं कार्ड
- तुम्ही पुस्तक किती अंतरावर धरता आणि संगणकाचा पडदा डोळ्यांपासून किती लांब असतो, ते मोजून लिहिलेली चिठ्ठी
- छोटी वही, किंवा फोनमध्ये नोंद करायची सोय

नंबराचा कागद वाचता आला तर अर्धा गोंधळ कमी होतो. एसपीएच म्हणजे मूळ नंबर, मायनस किंवा प्लस. सीवायएल म्हणजे सिलिंडर. ॲक्सिस म्हणजे तो सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा ते, १ ते १८० अंशांमध्ये. ॲड म्हणजे वाचण्यासाठी दूरच्या नंबरात मिळवलेला जास्तीचा नंबर. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ओडी लिहिलेला उजवा डोळा, ओएस लिहिलेला डावा. पीडी पुष्कळदा कागदावर लिहिलेला नसतो. मागून घ्या आणि जपून ठेवा.

आता जुना आणि नवा कागद शेजारी ठेवा. नंबर पाव-पावच्या टप्प्यांनी बदलतो. पाव किंवा अर्ध्याचा फरक असेल तर बहुतेकांना दोन-चार दिवस पुरतात. सिलिंडर पहिल्यांदाच आला असेल, ॲक्सिस बराच फिरला असेल, दोन डोळ्यांच्या नंबरातली तफावत वाढली असेल किंवा प्रोग्रेसिव्ह पहिल्यांदाच घेत असाल, तर साधारण दोन आठवडे धरून चाला.

इथेच एक सापळा आहे. नंबर काढतानाच डोळे नेहमीच्या स्थितीत नसतील तर पुढचं सगळं चुकतं. मधुमेह असेल आणि साखर वर-खाली होत असेल, तर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगतं-ओसरतं आणि नंबरही त्याबरोबर सरकतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी त्या किती दिवस काढून ठेवायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारा.

२. काउंटर सोडण्याआधी

घाई करू नका. मागे माणसं उभी असली तरी करू नका.

चष्मा दांड्या उघडून, काचांची वरची कड खाली येईल असा उलटा करून सपाट टेबलावर ठेवा. दोन्ही दांड्या टेबलाला टेकल्या पाहिजेत. एक अधांतरी राहिली तर फ्रेम पिळलेली आहे.

मग घालून पाहा. नाकावरच्या दोन्ही गाद्या सारख्या टेकतात का? दांडीचा बाक कानाच्या मुळाशी बसतो, की आधीच वळून कान दाबतो? पापण्या काचेला लागतात का? खाली वाका, मान दोन-तीनदा हलवा. चष्मा घसरला तर तिथल्या तिथे घट्ट करून घ्या. हे दिसण्यापुरतं नाही. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर बसेल असं धरून नंबर काढलेला असतो. मोठ्या नंबरात चष्मा नाकावरून थोडा जरी खाली आला तरी डोळ्याला मिळणारा नंबर बदलतो. प्रोग्रेसिव्हमध्ये तर बघायची जागाच हलते.

शेवटी एक डोळा हाताने झाका आणि दूरची पाटी वाचा. मग दुसरा झाका. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची चूक झाकून टाकतो, आणि ती घरी गेल्यावर डोकेदुखीतून समोर येते.

३. डोळ्यांना नेमकं काय होतंय

हे कळलं की भीती जाते, म्हणून थोडं थांबून वाचा.

मायनसची काच वस्तू जरा लहान दाखवते, प्लसची मोठी. मान वळवताना समोरचं चित्र हलू नये म्हणून मेंदू डोळ्यांना तेवढंच उलट्या दिशेने वळवतो. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून त्याला इशारा येतो आणि ते इतक्या झटकन होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. हा हिशोब जुन्या काचांवर बेतलेला असतो. नव्या काचांनी चित्राचा आकार बदलला की हिशोब थोडा चुकतो, आणि मान वळवली की भिंती, दारं, माणसं पोहल्यासारखी वाटतात. काहींना मळमळतं ते यामुळेच.

सिलिंडरचा प्रकार वेगळा. ती काच एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी मोठं किंवा लहान करते. त्यामुळे चौकोनी टेबल एका टोकाला रुंद दिसतं, फरशी चढाची वाटते, दाराची चौकट कललेली दिसते. मला पहिला सिलिंडर लागला तेव्हा वही हातात सरळ धरूनही तिची उजवी कड डावीपेक्षा उंच दिसायची. मी पट्टीने मोजून पाहिली, दोन्ही कडा सारख्या होत्या. पाचव्या दिवशी वही पुन्हा चौकोनी झाली. काच तीच होती, हिशोब मेंदूने बदलला होता.

मेंदू किती जुळवून घेऊ शकतो याचं एक जुनं उदाहरण आहे. १८९०च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारी भिंगं स्वतःच्या डोळ्यावर लावली आणि एका प्रयोगात जागेपणी आठ दिवस ती काढली नाहीत. शेवटच्या दिवसांत तो त्या उलट्या जगात बऱ्याच सहजतेने वावरत होता. त्यामानाने तुमच्या मेंदूकडे आलेलं काम बरंच छोटं आहे. पण अट तीच आहे, काच सतत डोळ्यावर हवी.

४. पहिला दिवस

नवा चष्मा शक्यतो सकाळी, उठल्या उठल्या घाला. दिवसभर जुन्या चष्म्यात काढून संध्याकाळी थकल्या डोळ्यांवर नवा चढवला तर तो वाईटच वाटतो.

सुरुवात घरातच करा, ओळखीच्या जागेत. पायऱ्या कठड्याला धरून उतरा. शिडीवर चढणं, यंत्रावर काम करणं आणि गाडी चालवणं पहिल्या दिवशी नको. जमिनीचा आणि अंतराचा अंदाज नीट येऊ लागेपर्यंत गाडीला हात लावू नका. रात्रीची गाडी तर आणखी उशिरा. गाडी चालवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ज्यातून नीट दिसतं आणि अंदाज चुकत नाही तो जुना चष्मा तेवढ्यापुरता घाला.

डोकं फार जड झालं तर चष्मा काढून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून बसा आणि पुन्हा तोच घाला.

५. दुसऱ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. नव्याने जरा त्रास दिला की माणूस जुना काढतो, तासाभराने पुन्हा नवा, रात्री पुन्हा जुना. मेंदूला दर वेळी दोन हिशोबांमध्ये येरझारा घालाव्या लागतात आणि कुठलाच पक्का होत नाही. जुना चष्मा कपाटात ठेवा. गाडीसारख्या सुरक्षेच्या कामाखेरीज तो काढू नका.

रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा: आज काय त्रास झाला, कोणत्या कामाच्या वेळी झाला, आणि कालपेक्षा कमी की तेवढाच. एवढी एक ओळ पुरे. माझ्या त्या तीन आठवड्यांत मी हे लिहिलं असतं तर पाचव्याच दिवशी लक्षात आलं असतं की रोज एकच वाक्य येतंय, "वाचताना मान दुखते". आठवणीवर विसंबलं की त्रास उगाच मोठा तरी वाटतो, नाहीतर आपण तो दाबून तरी टाकतो.

अंदाजे असं होतं: पहिले दोन-तीन दिवस पोहल्यासारखं वाटणं आणि डोळे ओढल्यासारखे होणं. पहिला आठवडा संपेपर्यंत हे थोडा वेळच होतं, गर्दीत किंवा घाईत असताना. दुसऱ्या आठवड्यात चष्मा आहे हेच विसरायला होतं. तुमचा क्रम थोडा मागे-पुढे असेल, पण दिशा हीच हवी.

दुकानांच्या मोठ्या रांगांमधून चालताना किंवा फोनवर भरभर मजकूर सरकवताना त्रास जास्त होतो, तेव्हा पहिले काही दिवस जरा सावकाश घ्या. मान मात्र मुद्दाम ताठ धरू नका. मान हलवल्याशिवाय मेंदूला नवा हिशोब कळणार नाही.

लहान मुलाला पहिल्यांदा प्लसचा चष्मा लागला असेल तर सुरुवातीला ते "चष्म्यातून धूसर दिसतं" म्हणू शकतं. त्याच्या डोळ्यांना आतून जोर लावून बघायची सवय झालेली असते, ती सुटायला वेळ लागतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चष्मा काढून टाकू नका.

६. प्रोग्रेसिव्ह असेल तर

या काचेत वर दूरचा नंबर, खाली जवळचा, आणि मध्ये एक अरुंद पट्टा असतो ज्यात नंबर हळूहळू बदलत जातो. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या कोपऱ्यांकडे, धूसर भाग असतो. तो कारागिरीचा दोष नव्हे. रेघ न दाखवता एकाच काचेत नंबर बदलायचा तर बाजूला धूसरपणा येणारच. बर्नार मेतनाझ यांच्या आधुनिक प्रोग्रेसिव्ह काचा १९५९ साली फ्रान्समध्ये बाजारात आल्या. तेव्हापासून हा भाग पुष्कळ कमी झाला आहे, पण संपलेला नाही. तेव्हा "बाजूने बघितलं की धूसर दिसतं" ही तक्रार घेऊन काच बदलायला जाऊ नका. नजर वापरायची पद्धत बदला:

- बाजूला बघायचं तर डोळे तिरके करू नका, नाक तिकडे वळवा.
- वाचताना डोकं स्थिर ठेवून फक्त डोळे खाली न्या. पुस्तक छातीच्या उंचीवर धरा.
- पायऱ्या उतरताना हनुवटी खाली आणा, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसेल. खालच्या भागातून बघितली तर ती धूसर आणि भलत्याच जागी दिसते, आणि पाय चुकतो.

शेवटचा मुद्दा वयस्कर माणसांसाठी फार महत्त्वाचा आहे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह घालणाऱ्यांचा पायऱ्यांवर आणि अनोळखी जागी तोल जाण्याचा धोका जास्त असतो. घरातल्या कुणाला असा चष्मा पहिल्यांदा मिळाला असेल तर पहिले दिवस जिन्यावर सोबत राहा. बाहेर फिरताना फक्त दूरच्या नंबराचा साधा चष्मा चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

संगणकावर दिवसभर काम असेल तर पडदा थोडा खाली घ्या. हनुवटी उचलल्याशिवाय मजकूर स्पष्ट दिसला पाहिजे. त्यानेही भागत नसेल, तर पडद्याच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करणं हाच खरा उपाय आहे. आठ तास मान वर धरून बसणं हा उपाय नव्हे.

७. सवय की चूक: घरच्या घरी तपासा

*एकेक डोळा.* एक झाकून दुसऱ्याने वाचा. दोन्ही डोळ्यांनी त्रास होतो, पण एक झाकला की जातो, तर दोन काचांचा एकमेकींशी मेळ नाही असा संशय घ्या. काचेचं केंद्र बाहुलीसमोर नसेल तर काच प्रिझमसारखी वागते आणि चित्र सरकवते. ४ नंबराच्या काचेचं केंद्र ५ मिलिमीटर हललं तर १ मीटरवरची वस्तू २ सेंटिमीटर सरकलेली दिसते. डोळे आत वळून थोडी चूक भरून काढतात, पण एक डोळा वर आणि दुसरा खाली असं त्यांना फारसं जमत नाही. म्हणून वर-खालीची छोटी चूकही फार ठणकते.

*काचा अदलाबदल झाल्यात का.* चष्मा हातभर लांब धरून काचेतून दाराच्या कडेकडे बघा आणि चष्मा हळू हलवा. मायनसमधून दिसणारी कड चष्म्याबरोबर सरकते, प्लसमधून उलट दिशेला. जितका नंबर मोठा तितकी जास्त. तुमच्या दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक असेल तर कोणती काच कुठे बसलीये हे यावरून दिसतं. चष्मा चाकासारखा थोडा फिरवल्यावर काचेतली कड तिरकी होत असेल तर त्या काचेत सिलिंडर आहे.

*बारीक छिद्र.* जाड कागदाला साधारण एक मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि नवा चष्मा घालून एका डोळ्याने त्यातून दूरची पाटी वाचा. छिद्रातून अक्षरं स्पष्ट झाली तर गडबड नंबरात किंवा काचेत असण्याची शक्यता जास्त. छिद्रातूनही धूसरच राहिली तर दुकानाऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

*प्रोग्रेसिव्हची उंची.* वाचण्यासाठी हनुवटी उचलावी लागते, किंवा बोटाने चष्मा वर ढकलला की मजकूर एकदम स्पष्ट होतो, तर काचा खाली बसल्यात. दूरचं बघायला हनुवटी छातीकडे आणावी लागत असेल तर वर बसल्यात. आणखी एक गोष्ट करून बघा. काचेवर हलकी फुंकर मारून वाफ धरवा आणि ती उजेडाकडे तिरकी धरा. दोन बारीक खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर, इतक्या पुसट की पहिल्यांदा शोधायला मला दहा मिनिटं लागली. त्यांवर मार्करने ठिपके द्या, चष्मा घाला आणि कुणाला तरी समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. बाहुली त्या दोन ठिपक्यांच्या मधोमध आणि त्यांच्या रेषेपेक्षा काही मिलिमीटर वर असायला हवी, दोन्ही डोळ्यांत सारखीच. माझ्या फोटोत दोन्ही जोड्या बुबुळाच्याही खाली, पापणीच्या कडेजवळ होत्या. तो फोटो दाखवल्यावर वाद झालाच नाही.

काचेच्या कडेला, विशेषतः पातळ किंवा पॉलिकार्बोनेट काचेत, दिव्याभोवती निळी-पिवळी झालर दिसू शकते. तो त्या पदार्थाचा गुण आहे. बहुतेकांच्या लक्षात येईनाशी होते. फारच खुपत असेल तर दुसऱ्या पदार्थाची काच मागा.

८. परत जाताना

चौदा दिवस झाले आणि वहीतली ओळ बदलत नाही, किंवा वरच्या तपासणीत काही सापडलं, तर त्याच दिवशी जा. उंची किंवा अदलाबदलीची चूक दिसली असेल तर चौदा दिवसही थांबू नका.

"बरोबर वाटत नाही" एवढंच म्हटलं तर "सवय होईल" हेच उत्तर मिळतं. नेमकं सांगा: "उजवा डोळा झाकला की डोकेदुखी थांबते", "वाचताना चष्मा वर ढकलावा लागतो". मग या क्रमाने तपासायला सांगा. आधी फ्रेमची बैठक, कारण पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. मग काचांचा नंबर आणि ॲक्सिस लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर), कागदाशी ताडून. मग केंद्र आणि उंची, चष्मा तुमच्या चेहऱ्यावर असताना. हे सगळं कागदाप्रमाणे निघालं तरच नंबर पुन्हा काढायचा. जुना चष्माही त्यांच्यापुढे ठेवा. त्याच्या काचेची वक्रता किंवा फ्रेमचा तिरपेपणा वेगळा असेल तर तेही कारण सापडतं.

९. वाट बघायची नाही अशी लक्षणं

अचानक एकाचे दोन दिसणं, डोळ्यांपुढे विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, नजरेच्या एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, डोळा लाल होऊन दुखणं, अचानक दिसेनासं होणं. याचा संबंध चष्म्याशी लावू नका. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

१०. काचा पुसणं आणि जुना चष्मा

आधी पाण्याखाली धरा, सौम्य साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा, मग स्वच्छ मऊ कापडाने टिपा. कोरडी काच सदऱ्याच्या टोकाने पुसली की धुळीचे कण काचेवरच्या संरक्षक थरावर ओरखडे काढतात. उन्हात तापलेल्या गाडीत चष्मा ठेवू नका, थर तडकतो.

जुना चष्मा फेकू नका. नवा अगदी अंगवळणी पडला असं वाटेल त्या दिवशी कपाटातून काढून एक मिनिट घालून बघा. माझ्या प्रोग्रेसिव्हच्या काचा नव्याने बसवून मिळाल्यावर नवव्या दिवशी मी ते केलं, आणि या वेळी जुन्या चष्म्यातून फरशी कललेली दिसली.